आज मी दारात नाही

मुलींनो,

चहा केलाय, गरम करून घ्या; आज स्वयंपाकघर उघडं ठेवलंय. काल आपलं बालगृह बघायला आलेल्या बाई अकराला परत येतील. मीच फोन करून बोलावलंय, आणि मी मुद्दाम बाहेर जातेय.

काल त्यांनी विचारलं, "इथे कसं वाटतं?" तेव्हा मी दारात हाताची घडी घालून उभी होते. एकेकीने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग "छान" म्हटलं. भाजीत मीठ कमी पडलं तर दिवसभर खटला चालवणारी आपली वकिलीणबाई, तिचंही "छान"! आधी मी खूश झाले. बाई गेल्यावर मात्र लाज वाटली.

आज दार लावून बोला. स्वयंपाकघराला मी कुलूप लावते, ते सांगा. भूक लागली म्हणून धाकटीने किल्ली मागितली, तेव्हा सगळ्यांसमोर मी तिला काय बोलले, आणि माझ्या धाकाने तुम्ही कशा हसलात, तेही सांगा. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नका.

संध्याकाळी येईन. काय सांगितलंत ते विचारणार नाही. विचारलंच, तर सांगू नका.

मावशी