मोठ्या आवाजातलं मत

७ ऑगस्ट १८४३, सोमवार. सकाळ
वीस वर्षांपूर्वी न्यायाधीश हॉलोवे मला म्हणाले होते, “बॅस्कम, हा आवाज विधानसभेत घेऊन जा.” तेव्हा ते मला कोर्टाबाहेर काढत होते, पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की चौथ्यांदा उभा आहे आणि या खेपेस निवडून येणारच. थर्झाला शब्द दिलाय: हरलो तर वकिली बंद, आणि इंडियानात तिच्या भावाच्या गिरणीवर कायमचं जायचं. बिनधास्त दिला. बायकोचं मन राखायला काय जातं?

संध्याकाळ
दिवसभर कोर्टाच्या ओसरीवर शेरीफशेजारी. पलीकडे प्रतिस्पर्धी, तंबाखूवाला सायलस प्रेदर. मतदार येतो, आमच्या तोंडावर नाव ओरडतो, कारकून लिहितो. ज्याचं नाव, त्याने उठून आभार मानायचे. प्रेदर एकसष्ट वेळा उठला, मी चव्वेचाळीस. त्याचे गुडघे उद्या टिकणार नाहीत.

८ ऑगस्ट, मंगळवार
टिकले.
गिडियन चांभार मतदारांसाठी ठेवलेल्या माझ्या पिंपातली व्हिस्की तीन पेले प्यायला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “वकीलसाहेब, तुमच्यासारखा माणूस नाही.” मग कारकुनाकडे वळून ओरडला, “प्रेदर!” मला राग नाही. पेलाही घेऊन गेला.
दुपारनंतर ओढ्यापलीकडची मंडळी आली. बहुतेक माझी! आता फक्त चार मागे.
घरी थर्झा बशा गवतात गुंडाळत होती. म्हटलं, राजधानीची तयारी आत्तापासूनच? तर म्हणाली, “इंडियानाचा रस्ता खडबडीत आहे म्हणे.” तिचे विनोद मला कधीच कळत नाहीत.

९ ऑगस्ट, बुधवार. दुपारी चार
मी १५१, प्रेदर १५०. शाई सांडली. पाचला मतदान बंद. ओसरीपुढे बघ्यांची गर्दी आहे, पण सगळ्यांची मतं देऊन झालीत. उरलोत आम्ही दोघंच. इथली रीत अशी की उमेदवाराने स्वतःला मत द्यायचं नाही, समोरच्याला द्यायचं. मी त्याला, तो मला. म्हणजे एकाने मीच.
थर्झा गर्दीतून आली, बाही ओढून म्हणाली, “अहो, आधी त्याला देऊ द्या.” बायकांना राजकारण कळत नाही. जिंकणाऱ्याने आधी उठायचं असतं.

सहा वाजता
उठलो. “सायलस प्रेदर!” असा पुकारा केला की बाहेरची घोडी बिचकली. टाळ्या पडल्या. पाच सेकंद मी राज्यपालसुद्धा होतो.
प्रेदर उठला, आभार मानले. म्हणाला, “लेम बॅस्कम, तुझ्याइतका सभ्य माणूस या काउंटीत दुसरा नाही.” माझा हात दाबून म्हणाला, “मीही नाही.” मग कारकुनाला, “लिही. प्रेदर.” तो १५२, मी १५१.
शेरीफला विचारलं, दिलेलं मत परत घेता येतं का? त्याला हसू आवरेना.

रात्री
थर्झाने गवतात गुंडाळलेली एक बशी सोडवली. पुढ्यात सूप ठेवलं, पाव मोडून दिला, समोर बसून राहिली. तिच्या बोटांना गवताचे ओरखडे आहेत. हे मी आत्ता पाहिलं.
ती आत झोपायला गेलीय. दिवा मालवला की जाऊन विचारणार आहे. काय म्हणेल ते ठाऊक आहे. तरी विचारतो: थर्झा, अजून एकच ऑगस्ट दे.