मागच्या रांगेतली संथा

अमरावती,
८ डिसेंबर १९६५

चि. सौ. तारा,

तुझ्या गोपाळदादाचा आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच ठेवून देशील, ही धास्ती आहे. म्हणून आधी खुशाली. आईचा गुडघा बरा आहे. पाठशाळेत नऊ मुलं आहेत आणि ती बारा जणांचं जेवतात. तुझ्या रुख्मिणीवहिनीनं तुझ्यासाठी मुगवड्या वाळवून ठेवल्या आहेत. गेल्या वर्षीही ठेवल्या होत्या, त्या शेवटी आम्हीच खाल्ल्या.

आता माझ्या पोराविषयी, भगवंतविषयी लिहितो. त्याच्या मुंजीत तू म्हणालीस, "दादा, हा माझ्यासमोर एकटा बसला की त्याला सगळं समजतं. तुमच्या गलक्यात हरवतो. पाटीवर लिहून दे त्याला." चार पाहुण्यांसमोर बोललीस, ते मला झोंबलं. वेद पाटीवर शिकत नसतात, तू शाळेत मुलींना भूगोल शिकव आणि माझ्या घरात पाय ठेवू नकोस, असं मी बोलून गेलो. तू भरल्या पानावरून उठलीस आणि अकोल्याची गाडी धरलीस. त्याला दोन वर्षं झाली.

आपल्या आजोबांची संथेची रीत मी कधी मोडली नाही. गुरूनं एकदा म्हणायचं, मुलांनी दोनदा. नजर खाली, हातात कागद नाही. जो चुकेल त्यानं एक जागा मागे सरकायचं. भगवंत सरकत सरकत पार दारापाशी जाऊन बसला. पाठीमागे रस्त्यावरचे टांगे आणि पुढे आठ पोरांचा घोष. तो जितका चुके तितका मी त्याला मागे धाडी, आणि जितका मागे जाई तितका तो जास्त चुके. हे मला कळायला दोन वर्षं लागली. शास्त्री म्हणवतो मी स्वतःला.

श्रावणात रुख्मिणीनं विषय काढला, की अकोल्याला खुशालराव म्हणून कानाचे डॉक्टर मुंबईहून शिकून आलेत, त्यांना दाखवू. मी तीनदा टाळलं. बुवांचा डॉक्टरीवर विश्वास नाही, अशी गावात समजूत झाली. मी ती होऊ दिली. शेवटी ती म्हणाली, "तुमी नसान येत तर मी एकटीच नेतो." मग मी गेलो.

डॉक्टर आपल्याच बाजूच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यांनी कानात दिवा लावून पाहिलं, दोन पात्यांचा लोखंडी काटा कानाशी वाजवून पाहिला, मग भगवंतच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात शब्द सांगितले. पोरानं सगळे बरोबर म्हटले. नंतर त्यांनी सुया उकळायचा स्टोव्ह पेटवायला लावला. त्या घरघरीत तसेच साधे शब्द सांगितले, तर दहातले सात चुकले. डॉक्टर म्हणाले, "बुवा, कान चांगले हायेत याचे. गलक्यातून शब्द निवडून घ्याचं काम मेंदूचं असते, ते याले जड जाते. जन्मापासूनच. पोरगं बहिरं नाही, अन् मठ्ठ तर नाहीच नाही."

कानाचा पडदा शाबूत आहे ना, असं मी तीनदा विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि शाबूत आहे म्हणून सांगितलं.

तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी आषाढात, पोरांदेखत, तिसऱ्यांदा चुकला म्हणून मी त्याच्या डाव्या कानावर सणसणीत मारली होती. दोन दिवस तो कान धरून होता. आपणच त्याला बहिरं केलं, असं तेव्हापासून मी धरून चाललो होतो. दवाखाना टाळला तो याच भीतीनं. बाहेर येऊन मी बाकावर बसलो आणि ढसाढसा रडलो. रुख्मिणीला वाटलं, पोरासाठी. तारा, मी आधी स्वतःसाठी रडलो, सुटलो म्हणून. पोराचा आनंद मागून आला. याची लाज वाटते, तरी वर्षभराचं ओझं उतरलं हेही खरंच आहे.

त्या दिवशी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरलो.

आता सकाळी मुलं यायच्या आधी मी त्याला समोर घेऊन बसतो. खिडकी लावतो. ओळ आधी पाटीवर लिहून दाखवतो, मग तुकडे करून म्हणतो आणि थांबतो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज थोडा वेळ दार उघडं ठेवून, रस्त्याच्या आवाजात शब्द पकडायची सवयही करतो. गलक्यात अजून अडखळतो, ते एकदम जाणार नाही. पण गेल्या सोमवारी त्यानं अख्खं सूक्त एकट्यानं म्हटलं, स्वरासकट. आई जपाची माळ घेऊन दारात आली, ती तशीच उभी राहिली. चुकलेल्याला मागे बसवायची रीत मी बंद केली आहे. दोन पालक कुरकुरले, कुरकुरू देत.

त्याच दिवशी मी त्याला म्हणालो, बाळा, मी तुला मारलं ते चुकलं. त्यानं पाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "मले वाटे, तुमी बाकीच्यायलेच शिकवून राहिले. मी नुसता बसून राहो."



येत्या रविवारी त्याला घेऊन मी तुझ्या दारी येतो. जे त्याला म्हणालो तेच तुलाही म्हणायचं आहे, तोंडावर. मला ओट्यावर बसवलंस तरी चालेल. त्याला मात्र आत घे.

तुझाच,
गोपाळ