पंकजाची काडी

॥ श्रीराम ॥
मेलकावेरी, कुंभकोणम
ता. २९ जानेवारी १९५६

सौ. गोमतीस अंबुजेचे अ. उ. आ.

तुझ्याहून अकरा महिन्यांनी मोठी असल्यामुळे आशीर्वाद देण्याचा हक्क मी सोडणार नाही, तू विहीण झालीस तरी.

पत्र पोचले. सून कशी आहे असे तू तीन ठिकाणी विचारले आहेस आणि तीनही ठिकाणी प्रकृती हा शब्द घातला आहेस. प्रकृती चांगली आहे. केस गळायचे थांबले, दोन वेळा जेवते. बाकीचे विचारत असशील तर पंकजा बोलत नाही. बाळ जाऊन साडेतीन महिने झाले. आठ दिवसांचे मूल. बारसे व्हायचे होते, त्यामुळे त्याला काय म्हणावे हेही कोणाला ठाऊक नाही. तुमच्या घरात त्याच्याविषयी एक शब्द कोणी काढला नाही, नवऱ्यानेही नाही, एवढे तिने मला एकदा सांगितले. तू तेवढा काढलास. वर्षभरात दुसरे होईल म्हणालीस. गोमती, मद्रासेच्या होस्टेलात आपण चार वर्षे एका खोलीत राहून शिकलो, त्यात हे नव्हते. भावाची पोर दोन वर्षांची माझ्या हाती आली, ती मी वाढवली, आणि पुण्यासारख्या लांबच्या गावी दिली ती केवळ तिथे तू आहेस म्हणून.

एक बरी बातमी आहे. पोंगलला उसाचा रस आला तेव्हा तिने आपण होऊन मोठी बरणी मागितली आणि काडी घातली. आपल्या इंग्रजीच्या मिसबाईंनी शिकवलेल्या गोड काकड्या मी आणि शेजारच्या अलमेलू, शिवकामी दर उन्हाळ्यात घालतो. त्यासाठी काडी बाजारातून आणायची आणि अलमेलूने दर वर्षी विचारायचे की हा आंबट रस ताडीचा तर नाही ना. यंदा घरची काडी. पंकजा रोज फडके सोडून वास घेते आणि पुन्हा बांधते. दिवसभरात तिने मनापासून केलेले काम हे एवढेच.

तुला आठवते का, नवी नवरी असताना तू सासूबाईंकडे काडी मागितलीस आणि त्यांनी आगपेटी पुढे केली? पुण्यात तिला शिरका म्हणतात हे तुला तेव्हा कळले. आपल्या इकडच्या मराठीत ती अजून काडीच आहे.

पद्मनाभास पत्र लिहायला सांग. लोभ आहेच, तो आंबू न देणे तुझ्याकडे.

अंबुजा

॥ श्री ॥
पुणे
ता. ८ फेब्रुवारी १९५६

ती. अंबुजाक्कास गोमतीचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र म्हणजे तपासलेला पेपर. लाल शाई तेवढी राहिली.

दुसरे होईल असे मी म्हणाले, ते खरे. पद्मनाभाच्या आधीचे माझेही एक गेले होते, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा माझ्या सासूबाईंनी मला हेच वाक्य सांगितले होते. अशा वेळी बोलायचे मला दुसरे वाक्य माहीत नव्हते, अक्का. शिकलेल्या बाईला ते सुचायला हवे होते, हे तुझे म्हणणे मी मान खाली घालून ऐकते.

पद्मनाभ ऑफिसातून येतो, जेवतो, खिडकीशी बसतो. तिला पत्र लिही म्हटले तर म्हणतो, काय लिहू. परवा ताटावरून उठताना त्याने विचारले, ती येणार आहे का. मी म्हटले तिलाच विचार. तो हात धुवायला गेला.

मुलांच्या लग्नात तू दिलेली गोड काकड्यांची बरणी केव्हाच संपली. धुऊन खिडकीत ठेवली आहे. पाठवीन, पण रिकामी पाठवणार नाही. परत करायच्या भांड्यात चिमूटभर साखर तरी घालायची, ही रीत मी इथे येऊनही सोडलेली नाही. पद्मनाभ लहानपणी ती साखर जिन्यातच खाऊन शेजारी रिकामी वाटी पोचवायचा आणि मार खायचा.

धाकट्या जावेच्या डोळ्याचे ऑपरेशन आहे, म्हणून पुढच्या महिन्यात मी नागपूरला जाईन ती महिनाभर येणार नाही. काकड्या कशा झाल्या आणि पंकजाचे येण्याचे काय ठरले, ते घरच्या पत्त्यावर कार्डाने कळव. पद्मनाभ मला लिहील.

मी चुकले तर रागाव, पण अबोला नको.

तुझी गोमती

कार्ड
कुंभकोणम, ता. १२ मार्च १९५६

सौ. गोमतीस अ. उ. आ. पंकजाची काडी मोडली. आज सकाळी, सगळ्यांदेखत. दोष कोणाचा नाही. ती रडली नाही. मोडले ते आता जुळायचे नाही. नवीन करायचे तर पुढच्या पोंगलनंतरच. तोवर मी इथेच राहते, असे पंकजा म्हणते. मी जा म्हणून आग्रह केला नाही. चि. पद्मनाभास आशीर्वाद. सविस्तर मागाहून. अंबुजा

॥ श्रीराम ॥
कुंभकोणम
ता. १ एप्रिल १९५६

सौ. गोमतीस,

आशीर्वाद मागाहून, आधी हे वाच.

काल स्टेशनावरून निरोप आला की पुण्याहून पंकजाच्या नावे पार्सल आहे. मी स्वतः गेले. तिची लग्नातली लोखंडी पेटी, दोरीने बांधलेली, वर पद्मनाभाच्या अक्षरात पत्ता. बरोबर चिठ्ठी नाही. माझ्या कार्डाला तीन आठवडे उत्तर नाही, आणि उत्तर म्हणून ही पेटी.

बायकोची पेटी माहेरी पोचवण्याचा अर्थ काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको. तुझ्या मुलाला हे करायचे होते तर त्याने इथे येऊन, माझ्यासमोर उभे राहून करायचे. तू नागपुरास होतीस हे मला मान्य आहे. पण मुलगा तुझ्याच घरी वाढला.

कार्डात सविस्तर लिहीन म्हटले होते, ते आता लिहिते, म्हणजे ही मुलगी कोणत्या अवस्थेत होती ते तुला कळेल. कावेरीच्या वाळूतल्या बोटभर कोवळ्या काकड्या आल्या होत्या. अलमेलू आणि शिवकामी सकाळीच विळ्या घेऊन बसल्या. चकत्या कागदासारख्या पातळ हव्यात असे मी म्हटले, तर अलमेलू म्हणाली, हेडमिस्ट्रेस रिटायर झाली पण पट्टी गेली नाही. पंकजा हसली. मी पाहिले, गोमती, ती हसली. चकत्यांना मीठ लावले, पिळल्या, मोहरी-हळद काढली, साखर काढली. पंकजा आपल्या काडीची बरणी उचलून आली. तेवढ्यात अलमेलूने कमरेची डबी काढली. तिरुक्करुगावूरची देवी गर्भ राखते, तिथले मंतरलेले तूप तिने पंकजासाठी आणले होते. अठ्ठेचाळीस दिवस घे, म्हणाली, मग सासरची माणसे धावत येतील. मनाने चांगली बाई. पण पंकजाच्या हातून बरणी सुटली. दोन महिन्यांची काडी अंगणभर झाली. पंकजा तिथेच उभी राहिली. अलमेलूने रडत रडत फरशी धुतली. मीठ लावलेल्या काकड्या कोशिंबिरीत गेल्या.

पेटी माजघरात आहे. पंकजाने दोरीला हात लावलेला नाही. म्हणाली, म्हणजे त्यांचे ठरले. आज सकाळी तिने तिरुप्पनंदाळच्या मुलींच्या शाळेत अर्ज दिला. त्यांना शिक्षिका हवी आहे आणि माझा शब्द तिथे चालतो. १० मेपर्यंत होय की नाही सांगायचे, जूनमध्ये रुजू व्हायचे. शाळेच्या आवारात खोली मिळते. एकदा ती होय म्हणाली की मी तिला मागे खेचणार नाही.

या वेळी लोभाची मागणी कोणी कोणाकडे करायची ते तूच ठरव.

अंबुजा

॥ श्री ॥
पुणे
ता. ८ एप्रिल १९५६

ती. अंबुजाक्कास गोमतीचा सा. न. वि. वि.

काल आले आणि तुझे पत्र वाचून जिन्यातच बसले. पद्मनाभाने मला नागपूरला एवढेच लिहिले होते की सर्व ठीक. पेटी का पाठवलीस म्हणून विचारले, तर त्याने पोथीतून तुझे कार्ड काढून पुढे ठेवले.

मी वाचले. मला काहीच कळेना. काडी मोडली तर मोडली, त्यात एवढे काय. मग त्याच्या कानांनी पुन्हा वाचले. अक्का, इकडे बरणी मोडत नाही, फुटते. इकडे काडी मोडते ती नवराबायकोची. काडीमोड म्हणजे लग्न तोडणे. नवा कायदा झाल्यापासून तो शब्द आमच्या पेठेत प्रत्येकाच्या तोंडी आहे. आता तुझे कार्ड पुन्हा वाच. सगळ्यांदेखत मोडली. दोष कोणाचा नाही. आता जुळायचे नाही. आणि कार्डच ते. खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी आधी वाचले, मग वर येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मन घट्ट कर म्हणाल्या.

मला हसू आले होते, ते त्याच्या तोंडाकडे पाहून गेले.

पेटी त्याने एकट्याने भरली. कामवालीला हात लावू दिला नाही, असे ती सांगते. तिच्या वस्तू अडकवून ठेवल्या असे तिला वाटू नये, म्हणून पाठवली म्हणतो. चिठ्ठी का घातली नाही, तर चार लिहिल्या आणि चारही फाडल्या.

चूक तुझी म्हणू, तर माझीच मोठी आहे. त्या आगपेटीनंतर मी तो शब्द गिळून टाकला. सासर हसू नये म्हणून आपले बोलणे या घरात कधी बोललेच नाही. मुलाला आईची भाषा आली असती तर कार्ड वाचून तो फक्त शिरक्याबद्दल हळहळला असता.

मी त्याला सारे समजावले. तो ऐकत होता. शेवटी त्याने कार्डाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवले. तोवर मी इथेच राहते, हे शिरक्याने म्हटले का, असे त्याने विचारले. याला मी काय सांगू? तू सांग.

उत्तराची वाट पाहते. माझ्यावरची माया निदान पोराच्या वाट्याला तरी राहू दे.

गोमती

॥ श्रीराम ॥
कुंभकोणम
ता. २१ एप्रिल १९५६

सौ. गोमतीस अंबुजेचे अ. उ. आ.

तीस वर्षे मी मुलींना शिकवले की लिहिताना वाचणाऱ्याचा विचार करा. त्या कार्डाला मी दहापैकी दोन गुण देते, तेही अक्षराचे. पद्मनाभाविषयी जे लिहिले ते मागे घेते. तुझ्याविषयीचे निम्मे.

पंकजाला तुझे पत्र वाचून दाखवले. मला वाटले होते हसेल. ती म्हणाली, एका कार्डावर त्यांचा विश्वास बसला, म्हणजे तो बसायला आधीच तयार होता.  विहिरीवरून पाणी घेऊन आल्यावर तिची तीच म्हणाली, मीही पेटी पाहून एका शब्दाने विचारले नाही.

मग तिने दोरी सोडली. सगळ्यात वर पद्मनाभाच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेली माझी ती लग्नातली बरणी होती. हाताला जड लागली. झाकण काढले तर साखर. चिमूटभर नव्हे, गळ्यापर्यंत. तू नागपुरास होतीस, म्हणजे ही तू घातलेली नाही. कायमचे सोडायचे म्हणून पेटी पाठवणारा माणूस भांडे रिकामे जाऊ नये हे पाहतो, याचा अर्थ मला लावता येत नाही. मी व्याकरण शिकवले आहे. पंकजा बराच वेळ बरणी मांडीत घेऊन बसली. पेटीतले बाकी काही तिने काढले नाही.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, काकड्या घालू. अलमेलू स्वतः बाजारात जाऊन काडीची बाटली घेऊन आली, ताडीची चौकशी न करता. या वेळी ती तोंड शिवून बसली होती. शेवटी पंकजाच म्हणाली की मामी, काही तरी बोला, काकड्या कडू होतील. तुपाची डबी फळीवर आहे. पंकजाने ती परतही केली नाही आणि उघडलीही नाही. साखर त्या बरणीतली घातली आणि काकड्या त्याच बरणीत भरल्या.

शाळेचे पत्र त्याच फळीवर आहे. तिने अजून उत्तर दिलेले नाही. शिरक्याने म्हटले का, या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. तो मला विचारलेला नाही. पद्मनाभाला तिने आज कार्ड लिहिले आहे. कार्ड असूनही मी ते वाचले नाही.

तुझ्या घरी आपले बोलणे बोलत जा. माया शाबूत आहे, मोजून पाहिली.

अंबुजा

कार्ड
कुंभकोणम, ता. २१ एप्रिल १९५६

सा. न. वि. वि.

पेटी पोचली. काडी म्हणजे शिरका. तो माझ्या हातून सांडला. मी इथेच राहते म्हणाले ते मात्र खरे. त्याचा शिरक्याशी काडीचा संबंध नाही. खालच्या काकूंनी हे वाचले तरी चालेल.

साखर काकड्यांना घातली. पुरली. बरणी दोन आठवड्यांत मुरेल. ती पार्सलाने पाठवणार नाही. आमच्याकडे मोडते, तुमच्याकडे फुटते. नेण्यास कोणी यावे. १० मेला मला शाळेला उत्तर द्यायचे आहे, त्याआधी.

बाळाचे नाव मी बाराव्या दिवसासाठी ठरवून ठेवले होते. ते मला अजून कोणी विचारलेले नाही. येणाऱ्याने आधी ते विचारावे. पेटी मी पुरती उघडलेली नाही.

कळावे, न कळल्यास विचारावे.

पंकजा