वर्तुळाच्या बाजू

४ फेब्रुवारी
सहावीचा पेपर अंगाशी आला. ‘वर्तुळाला किती बाजू असतात?’ – मीच घातलेला प्रश्न. उत्तर, एकही नाही. एका मुलीने ‘अगणित’ लिहिलं, मी चूक दिली. आज तिची आई तक्रार घेऊन मुख्याध्यापिकांकडे! त्या मला म्हणाल्या, “शुक्रवारपर्यंत एकच काय ते उत्तर सांगा. मला पालकांना तोंड द्यायचंय.”
सांगायचं काय? बाजू म्हणजे सरळ रेषेचा तुकडा. वर्तुळात सरळ काही नाही. विषय संपला.

५ फेब्रुवारी
संपला नाही. मधल्या सुट्टीत चित्रकलेचे सर मध्ये पडले. एरवी खिडकीपाशी पेन्सिली तासत बसतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. “बाई, मुलगी बरोबर आहे.” फळ्यावर षटकोन काढला, मग बारा बाजूंचा, मग चोवीस. “अशा वाढवत जा. शेवटी काय होतं?”
“शेवट येतच नाही,” मी म्हणाले. “तिथेच तर मेख आहे.”
इतिहासाच्या बाई म्हणाल्या, बाजू दोनच, आतली आणि बाहेरची. सगळे हसले. चहा गार. वर्तुळाला बाजू असोत नसोत, स्टाफरूमला मात्र पडल्या.
घरी येऊन सरांशी मनातल्या मनात भांडत बसले – भाजी करपली. लेकीचा फोन आला, तिलाही सगळं ऐकवलं. म्हणाली, “आई, बाबा गेल्यापासून एवढं सलग बोलली नव्हतीस.”

६ फेब्रुवारी
सर आले नाहीत. ताप म्हणे. स्टाफरूममध्ये सगळे माझ्याच बाजूने. कंटाळा आला.
शाळा सुटल्यावर बघायला गेले. एकच खोली, एकच खुर्ची. ती मला देऊन स्वतः कॉटवर बसले. अंगात ताप, तरी मोठ्या कागदावर काढतच होते! “हे बघा. हे वर्तुळ नाही म्हणून दाखवा.” वर्तुळच वाटत होतं. मी भिंग मागितलं. बारीक बारीक कोपरे दिसले. तेही वाकून बघू लागले. “दिसताहेत खरे,” म्हणाले. “हरलो.” पण चेहरा हरलेल्या माणसाचा नव्हता.
परतताना वाटलं – त्या मुलीने असाच विचार केला असेल तर?

७ फेब्रुवारी
मुलीला बोलावून विचारलं, ‘अगणित’ का? म्हणाली, “बाजू वाढवल्या की कोपरे बोथट होत जातात, म्हणून.” गुण दिला. मुख्याध्यापिकांना सांगितलं, दोन्ही उत्तरं धरू. ‘सरळ बाजू’ असं मीच लिहायला हवं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला. “एक मागितलं होतं हो मी!”

२ मार्च
तो वाद मिटला. तरी सर संध्याकाळी येतात. आज शून्य सम की विषम यावर. जाताना दाराशी बराच वेळ रेंगाळले.

१९ एप्रिल
लेकीला फोन केला. म्हटलं, लग्न ठरलंय. “कोणाचं?”
“माझं.”
मी खुर्चीची कड धरून उभी.
मग म्हणाली, “तिथेच असतील ना ते? दे त्यांच्याकडे फोन.”