नख अडकतं तिथे

शुक्रवार, संध्याकाळ

घशातून उतरवून हृदयाची सोनोग्राफी करतात त्या नळीवर आज धुताना दाताची खूण सापडली. बारीकशी, पण नख अडकतं तिथे. म्हणजे आवरण फाटलंय. औषधात कितीही बुडवा, आत जंतू राहणारच. डॉक्टरसाहेबांना दाखवली, तर चष्मासुद्धा लावला नाही. त्यांच्या गुजरातीत म्हणाले, "चालशे, बेन. बीजी क्यां छे?" खरंय, दुसरी नळीच नाही. पण चालेल कसं?

उद्या पहिला नंबर लिंबायतच्या मावशींचा. आज नाव नोंदवून निघताना त्यांनी माझा हात धरून विचारलं, "नळी चांगली शे ना, माय?"

घरची अहिराणी कानावर पडली आणि तोंडातून निघूनच गेलं, "शे, मावशी."

मघाशी भाकरी थापतानाही नख अडकल्यासारखं वाटलं. साहेबांचं 'चालशे' परकं तरी होतं. माझं 'शे' आईच्या भाषेतलं.