‘बोलका’ आमच्या हॉलमध्ये वेगळा झाला

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकलो, उरलेला भेटीत.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला गेला, की अजून शेजाऱ्यांना जागं करतो? आम्ही ठीक आहोत, पण रविवारी आमच्या हॉलमध्ये जे घडलं त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

तुझी भाचेसून जेवणं आटपली की संगणकापुढे बसते, हे तुला माहीत आहेच. ती आणि तिच्यासारखी ठिकठिकाणची माणसं मिळून ‘बोलका’ नावाचं सॉफ्टवेअर लिहितात. ज्यांना दिसत नाही त्यांना फोनवरचा मजकूर ते वाचून दाखवतं. वापरणाऱ्याला फुकट, आणि लिहिणाऱ्यालाही छदाम नाही. (मी या मंडळींना आजवर रिकामटेकडी म्हणत आलो. आता म्हणणार नाही.) तर एका फोन कंपनीचा त्यांना निरोप आला : आम्ही पगारी माणसं देतो, मात्र नवी सुधारणा आधी आमच्या गिऱ्हाइकांना, बाकीच्यांना मागाहून. यावरून अशी जुंपली की समोरासमोर बसायचं ठरलं, आणि सर्वांच्या सोयीचं घर म्हणून आमचं निघालं. (माझी सोय कोणी विचारली नाही.)

ही माणसं वर्षानुवर्षं एकत्र काम करतात, पण एकमेकांना ओळखतात ती संगणकावरच्या टोपणनावांनी. ज्यानं हे सगळं सुरू केलं तो ‘आजोबा’ माझ्याहून लहान निघाला. ‘वादळ’ म्हणजे एक दातांचे डॉक्टर, इतकं हळू बोलणारे की चहात साखर किती हे मला तीनदा विचारावं लागलं. आणि एक मास्तरीणबाई आल्या होत्या. त्यांना दिसत नाही. बोलका त्या रोज वापरतात. त्यांनी मला फोन ऐकवला. आत्या, पत्र्याच्या डब्यात वाटाणे ओतावेत तसा आवाज! मला एक अक्षर कळलं नाही, आणि बाईंनी चहा संपेपर्यंत वर्तमानपत्राचं पान ऐकून संपवलं. वर म्हणाल्या, “तुम्ही सगळे फार सावकाश बोलता हो.”

मग भांडण सुरू झालं. आजोबाचं म्हणणं, ज्याला महाग फोन परवडत नाही त्याच्यासाठी आपण हे सुरू केलं, त्यालाच रांगेत मागे उभं करायचं का? डॉक्टर पुटपुटले, पगारी माणूस नसेल तर रांगच पुढे सरकत नाही. सगळे बाईंकडे बघू लागले. (त्या आजोबाचीच बाजू घेणार, असं मीही धरून चाललो होतो.) बाई म्हणाल्या, “ऐन परीक्षेत बोलका मुका झाला. मी कळवलं, तर उत्तर आलं, सवड मिळाली की बघतो. तुमच्या सवडीवर माझी नोकरी चालते. मला पगारी माणूस हवा.”

आजोबा खाली बघत म्हणाला, “ते उत्तर माझंच होतं. बाईंचं खरं आहे. पण कोणाला मागे ठेवणं मला जमायचं नाही.” मग डॉक्टरांना म्हणाला, “तुम्ही कंपनीकडे घेऊन जा. अख्खा घेऊन जा.”

आणि डॉक्टरांनी नेला! बोलका उघडाच असतो, कोणीही उतरवून घ्यावा. दोन बटणं दाबली आणि एकाचे दोन झाले. आत्या, आपल्याकडच्या वाटण्या आठव : कपाट एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे. इथे दोघांनाही अख्खं घर मिळालं, आणि तरी डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत होते.

तेवढ्यात सौ. ओरडली. कुठल्या तरी दूरदेशीच्या बाईचा निरोप होता : बोलका आकड्यातला बिंदू गिळतो, मुलाच्या औषधाचे अडीच मिलीलिटर त्यानं पंचवीस वाचले, नशीब की शेजारणीनं बाटली हातात घेऊन पाहिली. क्षणापूर्वी वेगळे झालेले दोघे एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसले. चूक सौ.ला सापडली. मास्तरीणबाईंनी कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, “आता बरोबर.” दुरुस्ती दोन्हीकडे एकदमच गेली, कोणाचं गिऱ्हाईक आधी, हे कोणी विचारलंही नाही. त्या परक्या बाईला यांची नावंही कधी कळणार नाहीत. मी किटली धरून उभा होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला बसवेना.

सर्वांना नमस्कार, लहानांना जे पोचेल ते.

तुझा, अजून आ वासलेला,
भाचा

ता. क. : बोलक्याला आता माणसाचा आवाज द्यायचा आहे. मी गळा साफ करून तयार होतो. माझा आवाज ऐकून बाई म्हणाल्या, झोप येते.

ता. क. २ : त्याच दिवशी तुझा फोन आला होता, महिनाभर खुशाली कळवली नाही म्हणून. चुकून तो स्पीकरवर होता. सगळी मंडळी ताठ बसली. बाई म्हणाल्या, “हा आवाज ‘थांबा’ म्हणाला तर माणूस जागीच थांबेल.” दोन्ही बाजूंनी एकमतानं तुझं नाव धरलं आहे. वाक्यं पुष्कळ आहेत, मानधन नाही.

ता. क. ३ : नाही म्हणायचं असेल तर तू स्वतःच बाईंना फोन करून सविस्तर सांग. (त्या रेकॉर्ड करून घेणार आहेत.)