खडूच्या कारखान्याची खरी मालकीण

३ जून
नवा नियम आला आहे. कंपनीची मालक दुसरी कंपनी असेल, तिची आणखी तिसरी, तर वर वर चढत जाऊन शेवटी जो हाडामांसाचा माणूस सापडेल त्याचं नाव जाहीर करायचं. बाबांच्या खडूच्या कारखान्यावर अशा दोन कंपन्या बसल्या आहेत. बाळने बसवल्या. बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ, साठीचा. सगळ्यात वरच्या कंपनीत आम्ही दोघंच. वाटा त्याचा मोठा, पण थोरली मी. एकदा माझं नाव लागू दे, कारखाना बंद करायचं त्याचं खूळ काढून टाकते.

५ जून
मुकादम भेटले. ताई, बंद होणार म्हणतात, खरं का? मी आहे ना, म्हटलं. त्यांनी डोळे पुसले. पूड गेली असावी.

९ जून, दुपारी
ऑडिटरबाई येऊन गेल्या. कालची पोर. म्हणाली, वाटा लहान असला तरी शब्द चालत असेल तर तुमचंही नाव लागेल. तुम्ही नको म्हणालात आणि ती गोष्ट झाली नाही, असं एक उदाहरण द्या. एकच? उद्या सांगते, म्हटलं.

१० जून
बाबांचं घर विकायला मी नको म्हणणारच होते, नेमका घसा बसला. पहिली कंपनी काढली तेव्हाही मनातून पटलं नव्हतं. मनातलं धरतात का, विचारायला हवं. शाळेत सिस्टरांनी दिलेलं आज्ञाधारकपणाचं बक्षीस दाखवावं का? नको.

११ जून
मनातलं धरत नाहीत.

१४ जून
जुनं कशाला, ताजंच उदाहरण देऊ! उद्या मीटिंगमध्ये कारखाना बंद करण्याच्या ठरावाला नको म्हणायचं. आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज छान लागतो.

१५ जून, संध्याकाळी
बाळ लहानपणीसारखा अगदी खेटून बसला. ताई, दमलेली दिसतेस गं, म्हणाला. पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. इतक्या मायेने हल्ली कोण विचारतं? ठरावावर सही केली. दुसऱ्या कागदावर शेवटचा माणूस म्हणून त्याचं एकट्याचं नाव होतं. तिथेही केली, पेन हातात होतंच.

बाहेर मुकादम फाटकाशी उभे. ड्रायव्हरला म्हटलं, गाडी मागच्या दाराने काढ. साहेबांना विचारून येतो, म्हणाला आणि गेला. तोवर मुकादम काचेपाशी आले. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.